पिठात पडलेला डबा

कोइमतूर, ४ फेब्रुवारी

रामात्ताळ,

तुझं पाकीट मिळालं. पाकीट तेवढं तुझं, आतलं पत्र माझंच. उघडून, वाचून, भाताच्या शितांनी पुन्हा चिकटवून परत केलंस. मी तुझ्या भावजयीला फोन लावला, तर सरसूने तुझा निरोप सांगितला, "अण्णा, अम्मिणी म्हणते, हे पत्र यांनी लिहिलेलं नाही, त्या डब्यातल्या बाईने लिहिलंय. नवऱ्याचं असतं तर ठेवलं असतं, परक्या बाईचं कशाला ठेवू?"

बरोबर ओळखलंस. इळंगोने घरात बसवलेल्या त्या बोलक्या डब्यापुढे बसून तोंडी सांगितलं होतं. मी सांगितलं, "तू गेल्यापासून घराला कसलासा वास मारतो, परत ये." त्या बाईने लिहिलं, "तुझ्याविना हे सदन म्हणजे तारांविना वीणा." मी चष्मा न लावता सही ठोकली. वीणा म्हणे. आपल्या घरात कधी साधी पिपाणी वाजली नाही.

आता हाताने लिहितोय. अक्षर माझंच आहे याची खूण म्हणजे ते तुला लागणार नाही. कागद माझ्या आयुष्यावरच्या पुस्तकाच्या कच्च्या छपाईचे आहेत, मागची बाजू कोरी असते म्हणून घेतले. छापलेली बाजू वाचू नकोस. वाचलीस तर जेवणाआधी वाच, जेवल्यावर नको.

घराची हकिकत. स्वयंपाकघरातला डबा बिघडला. तू गेलीस त्या सकाळी वसुमतीने इडलीच्या पिठाचं पातेलं उघडलं, तर डबा आत. पीठ छान फुगून काठाला आलं होतं आणि मधोमध तो काळा गोळा, नाकापर्यंत बुडालेला, निळा दिवा लुकलुकतोय. सुनेने किंकाळी मारली. तो पडला असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. फळी एका भिंतीला, पातेलं दुसऱ्या भिंतीला, त्यावर झाकण, झाकणावर वरवंटा. तरी पडला असेल. इळंगोने तो काढून पुसला तेव्हा डब्याने गुळणी केल्यासारखा आवाज काढला आणि म्हणाला, "मी आपली काय सेवा करू?" ते त्याचे शेवटचे शब्द.

ते पीठ तू वाटलेलं शेवटचं. वसुमतीने मोरीत ओतलं. तेव्हापासून घरात पिठाचं पाकीट येतं. आपल्या मुलाने, इळंगोने, माझ्या ग्राइंडरच्या कारखान्यात आता पिठाची पाकिटं भरायला घेतली आहेत, त्यावर तुझं नाव, आणि नावाखाली मोठ्या अक्षरात, 'हाताचा स्पर्श न झालेलं पीठ'. हात लागला नाही हे सांगायला लाज वाटायची, त्याची आता जाहिरात होते. कापून ओतलं की भिंतीला लावायच्या चुन्यासारखं पडतं. त्याची इडली बोटाने दाबली की खड्डा पडतो आणि तो खड्डा तसाच राहतो, पायाला सूज आल्यावर राहतो तसा. मी दोन खातो आणि दिवसभर मला माझ्याच तोंडाची शिसारी येते.

संडासातला दिवा दुसऱ्या डब्याच्या ताब्यात आहे, माणूस हलला तरच पेटतो. ऐंशीला टेकलेला माणूस तिथे बसल्यावर कशाला हलेल? काळोख झाला की मी बसल्या जागी दोन्ही हात ओवाळतो. दिवसाची सुरुवात ही अशी.

तू मात्र माहेरी आनैमलैला मजेत असशील. सरसूच्या ओसरीवर सकाळी मातीच्या मडक्यातली गार बाजरीची आंबील, वर ताक, दाताखाली लहान कांदा. खा पोटभर.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मला ऐंशी पुरतात म्हणून पुन्हा लावायचं, आपलं ऐंशीचं लग्न आहे, हे विसरली नसशील. पाट दोन मांडतात. एकावर मी बसलो तर दुसऱ्यावर कोणाला बसवू? भटजी मला पुन्हा मंगळसूत्र हातात देतील, ते कुणाच्या गळ्यात घालू? त्याच मांडवात पुस्तक निघणार. आता पुरे झालं, ये.

वेळ्ळियंगिरी


कोइमतूर, ११ फेब्रुवारी

रामात्ताळ,

सरसूने फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली पहिली तू विचारायला लावली होतीस. "अण्णा, अम्मिणी विचारते, तिला आंबील आवडते हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या घरात तर ती कधी शिजली नाही."

आता यात विचारायचं काय? आनैमलैची पोर, तिला आंबील आवडणार नाही तर काय केक आवडेल? अंदाजाने लिहिलं. बाजारात माल न बघता किंमत सांगणारा माणूस मी, बायकोच्या जिभेचा अंदाज येणार नाही?

दुसरी गोष्ट ऐकून मात्र मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. तू मसाणी अम्मनच्या देवळात जाऊन मिरची वाटलीस म्हणे. तिथल्या पाट्यावर लाल मिरची वाटायची, देवीच्या दगडाला फासायची, की ज्याने चोरी केली त्याच्या अंगाची आग व्हायला लागते. तुम्हा आनैमलैच्या बायकांचं हे कोर्ट मला ठाऊक आहे. मी सरसूला विचारलं, "कोणाच्या नावाने वाटली?" म्हणाली, "नाव नाही घेतलं, अण्णा. ज्याने ऐकलं त्याच्या नावाने, एवढंच म्हणाली."

डब्याला पोट नसतं, रामात्ताळ. त्याला मिरची कशी झोंबणार? आणि त्या पाट्याला टाकी लावायला झाली असेल. गुळगुळीत पाट्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मी तरणा असतो तर येऊन टाकी लावून दिली असती.

माझ्या पोटात दोन दिवस जळजळ आहे. पाकिटातल्या पिठाचीच असणार.

पुस्तकवाला काल येऊन गेला. चेन्नईचा गुळगुळीत तरुण, हसताना डोळे हसत नाहीत. मुखपृष्ठ आणलं होतं. त्यावर मी आहे, पण दात दुसऱ्याचे. मी म्हटलं, "बाळा, हे दात माझे नाहीत." तर म्हणाला, "सर, जरा उजळवलेत." आणि नाव काय, तर 'पाषाणातून स्वप्ने कोरणारा'. मी त्याला म्हटलं, "मी दारोदार फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायचो. एका पाट्याला दुपार जायची, डोळ्यांत कचकच जायची, आणि घरातली बाई म्हणायची, नीट लाव रे मेल्या, मागच्याने लावली ती आठवड्यात झिजली. स्वप्न कोरायला वेळ कोणाला होता?" तो म्हणाला, "सर, वाचकांना असं आवडतं."

पहिलं प्रकरण आठवतंय ना? तुझ्या बापाच्या अंगणात मी पाट्याला टाकी लावत होतो आणि 'पाषाणावर ठिणगी उडाली तशी दोन नजरांत उडाली'. अगं, तुझ्या आईने अर्धा पाटा राहिलाय म्हणून मला वेशीपासून परत बोलावलं होतं, आणि तू ओसरीवर उभी राहून कुत्र्याला छू करत होतीस. एवढं सगळं मी डब्याला नीट सांगितलं होतं. त्यातलं कुत्रं गेलं आणि ठिणगी आली.

सगळं पुस्तक असंच आहे. जिथे मी घाम पुसला तिथे त्यात मोती ओघळतात. वाचताना मळी लागलेल्या भांड्यात जेवल्यासारखं वाटतं.

हे मला सुचवलंस मात्र तूच. कारखाना पोराच्या हाती देऊन घरी बसलो, तेव्हा तूच म्हणालीस, "काहीतरी उद्योग काढा, माझ्या पाठीमागे स्वयंपाकघरात फिरू नका, मी काय तुमची कामगार नाही." म्हणून पुस्तक. हात कापतो म्हणून इळंगोने दसऱ्याच्या आयुधपूजेला घरभर डबे बसवले आणि कारखान्यातल्या हत्यारांसारखं त्यांना गंध लावलं. आपण बोलायचं, डबा ऐकणार, साठवणार आणि आठवड्याला एक प्रकरण बाहेर काढणार. मला ते बरं वाटलं. ग्राइंडरच की, वरून तांदूळ घाला, खालून पीठ घ्या.

पोंगलच्या संध्याकाळी जे झालं त्यात माझा काय दोष? वसुमती सगळ्या पाहुण्यांपुढे तुझ्यावरचं प्रकरण वाचत होती, बायका पदराने डोळे पुसत होत्या. तू उठून म्हणालीस, "हे मी सरसूशी बोलले होते. हे इथे कसं आलं?" इळंगोला वाटलं तू खूश झालीस. तो म्हणाला, "अम्मा, डबा सगळं ऐकतो, तुझ्याही आठवणी घेतल्या त्याने." तू माझ्याकडे वळलीस. मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात आहेच. मला काय ठाऊक, यंत्राचं काम, असं म्हणालो. यंत्राचंच काम होतं.

लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. त्यावर तुझं नाव माझ्या नावाच्या आधी आहे, मी मुद्दाम सांगून घातलं.

वेळ्ळियंगिरी


कोइमतूर, १९ फेब्रुवारी

रामात्ताळ,

या पानांच्या मागे तुझं प्रकरण आहे. त्यावर मी निळ्या पेनाने काट मारली आहे. हवं तर वाच, मग चुलीत घाल.

जळजळ पाकिटातल्या पिठाची नाही. वसुमतीने आठवडाभर मला ताकभात दिला, पाकीट घरात आलं नाही, तरी पोट तसंच. दुसऱ्या कोणाला मी हे सांगितलं तर म्हातारा देवभोळा झाला म्हणतील. तुला सांगतो, कारण मिरची तू वाटली आहेस.

आंबिलीचा अंदाज नव्हता. मी ऐकलं होतं.

झालं असं. डब्याला जागं करायला एक हाक ठरवावी लागते. त्याला कंपनीने दिलेलं नाव माझ्या जिभेवर चढेना. इळंगो म्हणाला, "अप्पा, तुमच्या तोंडात बसलेलं एखादं नाव द्या ना." माझ्या तोंडात बसलेलं नाव एकच. आपल्या मुलखात लेकीला अम्मिणी, म्हातारीला अम्मिणी, वाटेवरच्या अनोळखी बाईलाही अम्मिणी, आणि बायकोला तर दुसरी हाकच नाही. मी म्हटलं, अम्मिणी ठेव. पोर हसला, सून हसली, ठेवलं. उभा जन्म यंत्रं केली मी, पण घरात एकालाही वाटलं नाही की म्हातारा मूर्खपणा करतोय. मलाही नाही वाटलं.

मग मी "अम्मिणी, कॉफी" म्हटलं की तू वळायचीस आणि तुझ्या डोक्यावरच्या फळीवर तोही जागा व्हायचा. भाजीवाली दारात "अम्मिणी, पडवळ" ओरडली की जागा. सरसूचा फोन तर तू ओट्यावर ठेवून मोठ्याने लावतेस, आणि तिचं दर वाक्य अम्मिणीने सुरू होतं आणि अम्मिणीने संपतं. तुमचं बोलणं चाललंय तोवर त्याला झोपायची सोयच नव्हती.

दिवाळीच्या सुमाराला मी माडीवर बसून माझंच बोललेलं परत ऐकत होतो. फोनवर ते सगळं ऐकता येतं. माझा आवाज संपला आणि तुझा सुरू झाला. त्याच वेळी खाली येऊन इळंगोला सांगायला हवं होतं की हे बंद कर. मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. मग पोंगलपर्यंत रोज जेवण झालं की म्हातारा 'लिहायला' माडीवर जायचा. तू मला वर कॉफी आणून द्यायचीस, आणि मी कानातली वायर उशीखाली सरकवायचो.

माझा ढेकर तू सरसूला करून दाखवलास. हुबेहूब. आधी तो गिळलेला वारा, मग तो शेवटचा 'शिवा'. मी माडीवर एकटा हसलो, आणि हसता हसता मला ढेकर आला.

तू हसतेस, रामात्ताळ. नाकातून फुसकन सुरू होतं आणि मग दम लागेपर्यंत थांबत नाही. मला हे माहीत नव्हतं. माझ्याशी तू जन्मभर बोललीस ते "वाढू का" आणि "झालं का". मला वाटायचं, बाईकडे बोलायला काही नाहीच, शांत स्वभाव आहे. मी लोकांना तसं कौतुकाने सांगायचो.

इडलीचंही ऐकलं. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक नव्या यंत्रावर वाटून बघितलेलं पीठ घरी यायचं आणि तिन्ही वेळा तुझ्या ताटात जायचं. "मेली ती इडली अजून नरड्यात अडकलीय गं, आता कोणी इडली म्हटलं तरी मला ओकारी येते," असं तू म्हणालीस. आणि पुस्तकात? 'पतीच्या प्रत्येक प्रयत्नाचा पहिला घास तिने प्रसाद म्हणून ग्रहण केला.' मी ते प्रकरण छपाईला जायच्या आधी वाचलं होतं. तुझं मूळ वाक्य माझ्या कानात होतं. तरी जाऊ दिलं, कारण सगळ्या पुस्तकात तेवढंच प्रकरण जिवंत वाटत होतं. साखरेत घोळलं होतं तरी आत तू होतीस.

आणि पोंगलला सगळ्यांसमोर मी म्हणालो, मला काय ठाऊक.

दुसऱ्याच्या पातेल्यात बोट घालून चाटणाऱ्या माणसाला मी माझ्या पंगतीला बसू दिलेलं नाही. आता आरशात दाढी करताना तोच समोर असतो. इतके दिवस मी इथे डब्याची, पाकिटाची, पुस्तकवाल्याच्या दातांची किळस करत तुला पत्रं लिहिली. ती किळस खरीच आहे. पण वास कुठून येतो ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणखीही एक ऐकलं आहे. ते इथे लिहीत नाही. ते तू मला सांगितलेलं नाहीस.

वेळ्ळियंगिरी


कोइमतूर, २७ फेब्रुवारी

रामात्ताळ,

सरसू म्हणाली, पत्र वाचून तू मागच्या अंगणात गेलीस आणि नारळाच्या झावळ्या सोलत बसलीस. संध्याकाळी एकच विचारलंस, "ते सगळं अजून डब्यात आहे का?"

होतं. आज सकाळपर्यंत होतं.

इळंगोला मी माडीवर बोलावलं. म्हटलं, "अम्माचं जेवढं साठलंय तेवढं पुसून टाक." तो आधी म्हणाला, "अप्पा, पुस्तकातून काढू या, झालं ना." मी म्हटलं, "पुस्तक राहू दे, डब्यातलं पूस."

"अप्पा, पुसलं की परत येत नाही."

"म्हणूनच सांगतोय."

तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. तुझा मुलगा वाईट नाही, नुसता व्यापारी आहे. म्हणाला, "रागावू नका. मीही ऐकलंय थोडं. अम्मा अशी बोलते हे मला आयुष्यात माहीत नव्हतं. उद्या तुम्ही नसाल, ती नसेल. आमच्याकडे काय उरणार? तिचे फोटो आहेत, सगळ्यांत तोंड मिटलेलं. हा एवढाच आवाज आहे, अप्पा."

तो खरं बोलत होता. मीही ते ठेवावं म्हणून माडीवर येरझारा घालून बघितल्या होत्या. दगडाला टिचकी मारून आत चीर आहे की नाही सांगणारे माझे हे कान, आणि त्यांना तुझं हसणं ऐंशीव्या वर्षी मिळालं, तेही चोरीचं.

मग मी विचारलं, "तिला विचारलंस, ठेवू का म्हणून?"

तो कानात घालायची वायर बोटाला गुंडाळू लागला.

"मग पूस."

"शेवटचं एकदा ऐकता?" त्याने वायर पुढे केली. मी हात मागे घेतले, गरम भांड्यावरून घेतात तसे. त्याने फोनवर दोन-तीनदा बोट फिरवलं. तुझ्या मिरचीला जे करायचं होतं ते झालं, एवढाच वेळ लागला. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "अप्पा, पाकिटावरच्या अम्माच्या नावाचं काय?" मी म्हटलं, "तेही तिलाच विचार." त्याचं तोंड पिठासारखं झालं. विचारायला तो येईल, तू तुला हवं ते सांग. माझ्याकडे बघून सांगू नकोस.

डबे सगळे भिंतीवरून उतरवले. माझ्याच हाताने, वसुमतीने स्टूल धरलं. ती म्हणाली, "मामंजी, आता संडासातला दिवा कसा लागणार?" मी म्हटलं, "बटण दाबून. तुझी आजी दाबायची तसा." हसली बिचारी. मग म्हणाली, "खरं सांगू? मलाही ओट्यापाशी आईशी फोनवर बोलता यायचं नाही. गच्चीवर जाऊन बोलायचे." हे तिने इतके दिवस पोटात ठेवलं होतं. या घरात बायका कुठे कुठे जाऊन बोलतात, देव जाणे.

पुस्तकाचं काम थांबवलं. पुस्तकवाला म्हणाला, "सर, मग तुमचं आयुष्य लोकांना कळणार कसं?" मी म्हटलं, "कुत्र्यासकट कळणार असेल तर बघू."

आणि ऐंशीचं लग्न मी मोडलं. मांडववाल्याला, आचाऱ्याला, भटजींना, पत्रिका गेलेल्या सगळ्यांना मीच फोन केले. म्हटलं, गुडघा वळत नाही, पाटावर बसता येत नाही. माझी चुलत बहीण फोनवर रडली, अपशकुन आहे म्हणाली. भटजी म्हणाले, खुर्चीवर बसा, शास्त्रात चालतं. मी म्हटलं, माझ्या गुडघ्याला शास्त्र कळत नाही.

तुझ्यावर कोणी बोट दाखवणार नाही. पुन्हा त्या पाटावर बसायचं तुझ्या मनात होतं की नव्हतं, ते मला ठाऊक आहे, पण तू मला सांगितलेलं नाहीस, म्हणून ते माझ्या कामाचं नाही. गुडघा माझा आहे. मोडलं ते मी.

पोटाची जळजळ अजून आहे. जरा कमी आहे असं वाटतं, पण तसं वाटून घेणारा माणूस भरवशाचा नाही.

वे.


कोइमतूर, ३ मार्च

रामात्ताळ,

हा कागद दोन्ही बाजूंनी कोरा आहे.

सरसूकडून तुझा निरोप मिळाला. ती तुझ्या आवाजात बोलायला गेली आणि तिला जमलं नाही, माझ्या ढेकरासारखं कौशल्य तिच्याकडे नाही. "अम्मिणी म्हणते, सगळं पुसलं ना, मग आता यांना माझ्याबद्दल काय माहीत आहे?"

दोन दिवस विचार करत होतो. तुझं नाव माहीत आहे, ते तर गावोगावच्या ओट्यांवर माझ्या यंत्रांवर लिहिलेलं आहे. तुझ्या बापाचं घर माहीत आहे. तू कॉफी किती गोड करतेस ते माहीत आहे, पण ती माझ्यासाठी करतेस. स्वतःसाठी करतेस तेव्हा साखर घालतेस का, आठवत नाही. काल मी वसुमतीला विचारणार होतो, तोंडाशी आलेलं गिळलं.

म्हणजे काहीच माहीत नाही, असं धर.

शुक्रवारी पहिल्या बसने निघतो. इळंगो गाडी देतो म्हणत होता, पण ती गाडीही बोलते. आनैमलैच्या स्टँडवर उतरून चालत येईन. सरसूला सांग, माझ्यासाठी इडली लावू नकोस. देवीच्या दगडावरची मिरची धुवायची की राहू द्यायची, तेल घालून देवीला थंड करायचं की नाही, ते तुझं तू ठरव. ज्याने मिरची वाटली त्यानेच तेल घालायचं असतं, म्हणून मी तेलाची बाटली घेतलेली नाही. घराकडे परत चल, असंही म्हणायला येत नाही.

मंडईत काल लहान कांदे आले होते, लाल, घट्ट, तुला हवे तसे. शेजारी बाजरीही चांगली होती. दोन्ही टोपलीत घातली होती, मग उतरवून ठेवली. ते सगळं चोरून ऐकलेलं आहे. तेव्हा रिकाम्या हाताने येतोय.

ओसरीवर बसू दे. बसू नको म्हणालीस तर पायरीखाली उभा राहीन, कुत्रं असेल तर सोड. पण एवढं विचारू दे, तुला काय खायला आवडतं? उत्तर आजच द्यायला हवं असं नाही. आंबील म्हणालीस तर मी ती पहिल्यांदा ऐकतोय असं दाखवणार नाही. आणि दुसरंच काही म्हणालीस, तर कांदे परत ठेवले ते बरं झालं.

वेळ्ळियंगिरी